नाव आत्याच ठेवते

मामी,

तू गेलीस त्याला आज तेरा दिवस झाले, आणि मल्लूनं तुझा फोटो मोठा करून आणलाय. फोटोखाली लिहायला त्याला चार ओळी हव्यात. "ताई, तू मास्तरीण आहेस, तूच लिही," म्हणाला. जाता जाता दोन शब्दही सुचवून गेला, मायाळू आणि सोशिक. मायाळू एक वेळ चालेल. सोशिक मात्र मी माझ्या हातानं लिहिणार नाही. बाईनं आयुष्यभर तोंड उघडलं नाही की लोक तिला सोशिक म्हणून मोकळे होतात. तू सोशिक नव्हतीस. तू हट्टी होतीस, आतल्या गाठीची होतीस आणि एक नंबरची खोटारडी होतीस. हे फोटोखाली मावणार नाही, म्हणून इथं लिहितेय.

मल्लू हे वाचेल तेव्हा पहिल्या शब्दालाच अडखळेल. तो तुझा मुलगा, तुला अव्वा म्हणायचा. आपल्याकडच्या कानडी-मराठी घरांत आईला तेच म्हणतात. मीही सोळा वर्षांची होईपर्यंत अव्वाच म्हणत होते. पुढची छत्तीस वर्षं मामी म्हटलं. का, ते पुढं येईलच. इतकी जुनी सवय तेरा दिवसांत सुटत नाही, आणि माझा रागही अजून गेलेला नाही.

आयुष्यात तू कधी दुपारची आडवी झाली नाहीस. मेल्यावरही झाली नाहीस, आपल्या लिंगायतांत बसवूनच माती देतात. कपाळाला विभूती लावून, हार घालून तुला खुर्चीत बसवलं होतं आणि जमलेल्या बायका म्हणत होत्या, "किती शांत दिसतात." मी त्या चेहऱ्याकडं बघत होते. शांत कसला, मी काही विचारलं की व्हायचा तोच चेहरा होता. मला वाटलं, आता ही म्हणणार, नळ आला.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं आणि आलं की हातातलं टाकून पळावं लागतं. या गावच्या पाणीटंचाईचा तुझ्याइतका फायदा कुणी उठवला नसेल. अवघड प्रश्न समोर आला की तुला नळ ऐकू यायचा. पाणी कालच येऊन गेलं असलं तरी यायचा. नळ अगदीच पटण्यासारखा नसेल तेव्हा दूध उतू जायचं, नाहीतर भाकरी करपायची. तुझ्या हातची भाकरी उभ्या जन्मात करपलेली मी पाहिली नाही.

लहानपणापासून आपल्या घरात एक माणूस नव्हतं आणि त्याच्याबद्दल बोलायचं नव्हतं. कस्तुरी आत्या, अप्पांची धाकटी बहीण, लग्न न झालेली. मला सांगितलेली गोष्ट एवढीच होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून तू मैंदर्गीला गेलीस आणि तुझ्या हाताखाली मदतीला म्हणून कस्तुरी आत्याला बरोबर नेलंस. मी महिन्या-दीड महिन्याची असताना तू मला घेऊन परत आलीस. ती आली नाही. तुझ्या भावाच्या मळ्यातल्या विहिरीच्या काठावर तिच्या चपला सापडल्या. विहिरीत गळ टाकले, पोहणारे उतरले, हाती काही लागलं नाही. निम्मे लोक म्हणाले बुडाली, निम्मे म्हणाले पळाली. अज्जा, म्हणजे तुझा सासरा, म्हणाला, "मेली असं समजा." (त्याला अहो-जाहो करणं मी परवापासून सोडलंय.) त्यानंतर तिचं नाव घरात कुणी काढलं नाही.

फक्त तू काढायचीस, तेही माझ्या नावावरून. अज्जाला पहिल्या नातीला त्याच्या आईचं नाव द्यायचं होतं, महादेवी. तू मला कडेवर घेऊन त्याच्यासमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "हिचं नाव आत्यानं ठेवलंय. शिवलीला. आता बदलायचं न्हाई." अप्पा हा प्रसंग नवलानं सांगायचे, कारण एरवी सासऱ्यापुढं तुझा आवाज भाकरी थापण्यापुरताच निघायचा.

आता सोळाव्या वर्षाचं लिहिते. तू असतीस तर एवढ्यात उठून पाणी बघायला गेली असतीस.

दहावी झाली, मला कॉलेजात जायचं होतं. कॉलेजात मुलं असतात, एवढं कारण अज्जाला नाही म्हणायला पुरलं. मी उलट बोलले. मी बोलायचेच, ते तुलाही ठाऊक आहे. तो जेवायला बसला होता, तू शेजारी शेंगाची चटणी कुटत होतीस. तो माझ्याकडं न बघता तुला म्हणाला, "कस्तुरीचं पोर हाय हे. आईच्याच वळणावर जाणार."

मी विचारलं, "कुणाचं पोर?"

"इचार तुझ्या अव्वाला. तिचं सोताचं मैंदर्गीतच दगावलं. कस्तुरी पोटुशी होती, म्हणून तर तिला तिकडं धाडलीती. तिचं पोर उचलून आणलंय हिनं. मला हिनंच सांगितलंय, हिच्या तोंडानं."

मी तुझ्याकडं बघितलं. तुझा हात थांबला नाही. मी विचारलं, "खरंय?" तू म्हणालीस, "मामंजी खोटं कशाला बोलतील?" आणि मग म्हणालीस, "नळ आला वाटतं. घागरी आण जा."

मी घागरी आणल्या. त्या दिवशी सगळं पाणी मीच भरलं, हे आठवलं की अजून स्वतःची लाज वाटते.

संध्याकाळी अज्जा देवळात गेल्यावर तुला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, आता ते नाहीत, आता सांग. तू पाठमोरी होतीस. "जेवायचंय का न्हाई तुला?" एवढंच बोललीस. मी ताटावर बसले आणि म्हटलं, "वाढ, मामी." कस्तुरी आत्या माझी आई असेल तर तिच्या भावाची बायको माझी कोण? मामीच ना. हिशेब सरळ होता आणि तुला लागावा म्हणूनच केला होता. तुझा डाव आमटीच्या पातेल्यात क्षणभर अडकल्यासारखा झाला. मग तू वाढलंस. भाकरीवर तूप जरा जास्तच घातलंस.

त्या दिवशी तू माझ्या थोबाडीत मारली असतीस तर? मी कितीदा हा विचार केला. एक लगावून दिली असतीस, "अव्वा म्हण" म्हणाली असतीस, तर कदाचित मी म्हटलंही असतं. तू ओ दिलीस. दुसऱ्या दिवशीही दिलीस. चार दिवसांनी मल्लूनं विचारलं, ताई तुला मामी का म्हणते, तर म्हणालीस, "म्हणू दे की. लाडानं म्हणती." त्या दिवसापासून मी तुला मनातून उतरवलं. ज्या बाईला स्वतःच्या नात्यासाठीसुद्धा भांडता येत नाही, तिचा काय आदर ठेवायचा, असं मला वाटायचं.

अप्पांना मी अप्पाच म्हणत राहिले. हिशेबानं ते मामा होते, पण त्यांना मामा म्हणायची माझी छाती नव्हती. तुझ्यावर जोर चालत होता, तो चालवला. यात माझं कौतुक काही नाही. जूनमध्ये मात्र मी कॉलेजात होते. तू अप्पांना काय सांगितलंस, कसं गळी उतरवलंस, ते मला कधी कळलं नाही. फॉर्म भरायचा होता त्या सकाळी माझ्या उशाशी धुतलेला पंजाबी ड्रेस घडी करून ठेवलेला होता आणि अप्पा स्कूटर बाहेर काढत होते. मी तुझे आभार मानले नाहीत. मला वाटलं, चोरीचं पोर सांभाळणारी बाई तेवढं तरी करणारच.

माझ्या लग्नात मी तुझ्या गळ्यात पडून रडले नाही. बायका वाट बघत होत्या, फोटोवालाही. बाळंतपणाला माहेरी आले नाही. "मामीकडं कोण बाळंतपणाला जातं?" हे मी नवऱ्याला तुझ्यासमोर म्हटलं. तू डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि जुन्या मऊ साड्यांची दुपटी घेऊन दवाखान्याच्या दाराशी आलीस आणि नर्सनं "आई का?" विचारल्यावर माझ्याकडं बघितलंस. मी गप्प राहिले. तू नर्सला म्हणालीस, "घरचीच हाय." लेकीच्या बारशाला तू मागं भिंतीला टेकून बसली होतीस. माझ्या नणंदेनं पाळण्यात नाव सांगितलं तेव्हा म्हणालीस, "नाव आत्यानंच ठेवावं. आईनं ठेवायचं नसतं." कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं आणि म्हटलं, आली मोठी रीत शिकवायला.

दर नागपंचमीला तू माहेरी जायचीस, आणि दुसऱ्या दिवशी अक्कलकोटला. मल्लूला नाही, मला नाही, कुणालाच बरोबर न्यायची नाहीस. येताना लाह्या, तंबिटाचे लाडू आणि एक चोळीचा खण. मैंदर्गीच्या मामानं दिला म्हणायचीस. शिवायची नाहीस, ट्रंकेत टाकायचीस. अप्पा गेल्यावरही खण येतच राहिले. मी टोचून बोलले होते, "विधवेची ओटी भरणारा भाऊ मी पहिल्यांदाच बघतेय." तू ट्रंकेचं झाकण लावलंस आणि म्हणालीस, गॅसवर दूध आहे.

शेवटचं वर्ष तू माझ्याकडं काढलंस, जुळे सोलापुरातल्या या फ्लॅटमध्ये. मल्लूचं घर जिन्याचं, तुझे गुडघे गेलेले, म्हणून. लोकांनी माझं कौतुक केलं, बघा, सख्खी नसून करते. हो, ही बातमी सगळ्या नातेवाइकांत केव्हाच पोचली होती, मीच पोचवली होती. मी तुला आंघोळ घालायचे, वेणी घालायचे, आणि वेणी घालता घालता विचारायचे. तुझी पाठ माझ्याकडं असायची, तुला पळता यायचं नाही. "अज्जा गेला, अप्पा गेले. आता कुणाला भितेस? खरं काय ते सांग. कस्तुरीनं जीव दिला की तुम्ही तिला ढकललं?" एकदा इतकंही बोलले. तुझे खांदे हलले. मला वाटलं रडतेस. तू म्हणालीस, "वेणी घट्ट झाली गं, जरा सैल कर." मी सैल केली. आपलं शेवटचं भांडण एवढंच झालं आणि तेही अर्धं राहिलं.

तू गेल्यावर पाचव्या दिवशी ती आली.

दुपारी रिक्षा थांबली. आधी माझ्याच वयाची एक बाई उतरली, मग तिनं हात धरून एका म्हातारीला उतरवलं. भेटायला लोक येतच होते, मी सतरंजी पुढं सरकवली. म्हातारीनं तुझ्या फोटोकडं बघितलं नाही, सरळ माझ्याकडं आली आणि माझी हनुवटी धरली. "शिवलीला ना तू? तुझं नाव मीच ठेवलं बघ. मी कस्तुरी."

छत्तीस वर्षं मी या बाईसाठी भाषण तयार करून ठेवलं होतं, मामी. ते सगळं दिलं. म्हटलं, या. बावन्न वर्षांनी सवड मिळाली का? पोर टाकून जाताना चपला तेवढ्या आठवणीनं काढून ठेवल्यात. मेलात म्हणून मी रडले, पळालात म्हणून शिव्या खाल्ल्या, तुमच्या नावानं माझं कॉलेज बंद होणार होतं. एक पोस्टकार्ड टाकता आलं नाही तुम्हाला? आई म्हणवून घ्यायला आलात तर उशीर झाला. मल्लू "ताई, ताई" करत होता. तो आयुष्यभर एवढंच करत आलाय.

म्हातारी ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी भीती होती, मग काहीच कळत नसल्यासारखं झालं. "यव्वा, काय बोलतीस गं? मी कशी तुझी आई? माझी लेक ही. महादेवी." तिनं बरोबरच्या बाईला पुढं ओढलं. "मी आत्या हाय तुझी. नाव ठेवलं म्हणून सांगितलं की तुला. लेकराचं नाव आई कधी ठेवती का? आत्याच ठेवती."

मी त्या महादेवीकडं बघितलं. अज्जाचं नाक, अज्जाच्या जुळलेल्या भुवया. अज्जाला हवं असलेलं नावही तिलाच मिळालं होतं.

सगळं ऐकायला दुपार गेली. तुला तर हे पाठच आहे, तरी माझ्या शब्दांत ऐक. तुम्ही दोघी मैंदर्गीला पोटुशा गेलात, तू राजरोस आणि ती लपून. अज्जाचा बेत ठरलेला होता. पोर जन्मलं की कुठंतरी पोचवायचं आणि कस्तुरीला पन्नाशीच्या बिजवराच्या गळ्यात मारायचं. "आणि तो?" मी विचारलं. "पोराचा बाप?" आत्या म्हणाली, "त्यो मैंदर्गीपर्यंतसुद्धा आला न्हाई." चार दिवसांच्या अंतरानं तुझ्या माहेरच्या पडवीत दोन मुली झाल्या. माझ्या बाराव्या दिवशी आत्यानं माझं नाव ठेवलं. तिच्या लेकीला आत्या कुठली असायला, तर तू ठेवलंस. मग एका पहाटे तुझ्या भावानं बैलगाडीतून माय-लेकींना रेल्वेपर्यंत सोडलं. चपला तू काढून घेतल्या होत्यास. विहिरीवर तूच नेऊन ठेवल्यास. बाळंतीण बाई अनवाणी गुलबर्ग्याला गेली आणि तिथल्या एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भाकरी थापायला लागली.

अज्जाला तू सांगितलंस की एक मूल दगावलं आणि कस्तुरीनं विहीर जवळ केली. कुणाचं दगावलं, ते त्यानं विचारलं नाही. सहा महिने गेले. मग अज्जाच्या दुकानातला मुनीम सांगत आला, कस्तुरीला गुलबर्गा स्टेशनवर बघितलं, कडेवर तान्हं पोर होतं. अज्जा दोन माणसं पाठवायला निघाला. माणसं कशाला पाठवतात ते तुला माहीत होतं. तू मला मांडीवर घेऊन बसली होतीस. तू म्हणालीस, "ती कस्तुरी नव्हं. कस्तुरीचं पोर हे हितं माझ्या मांडीवर हाय. दगावलं ते माझं होतं." अज्जानं माणसं पाठवली नाहीत.

बस, एवढंच. एका वाक्यात तू मला देऊन टाकलंस. तिची मुलगी वाचावी म्हणून.

मला खरं वाटेना. मी तिथंच मैंदर्गीच्या मामाला फोन लावला. ज्या माणसाला मी छत्तीस वर्षं आपला कुणीच नाही म्हणून टाळलं, तो फोनवर रडायला लागला. "व्हय की गं. तू आमच्या अक्काचीच. तिनं शपथ घातलीती. किती येळा म्हटलं, आता तरी सांग पोरीला. म्हणायची, कस्तुरी सांगल तवा सांगीन, मी शबुद दिलाय."

मग मी आत्याकडं वळले. तुम्ही का नाही सांगितलंत? अप्पा गेले तेव्हा तरी? ती म्हणाली, महादेवीच्या सासरी आपला नवरा मेला म्हणून सांगितलेलं, पोरीलाही तेच सांगितलेलं. परवा मैंदर्गीहून तुझी बातमी आली, तेव्हा लेकीला सगळं बोलली. आणि मग, मामी, ती जे म्हणाली त्यासाठी मी तुला कधी माफ करणार नाही. ती म्हणाली, "मला वाटलं, ते तुझ्या अज्जापुरतं होतं. दर पंचमीला अक्कलकोटात भेटायची वैनी, देवळाभायेर. मी पयलं तुझंच इचारायची. म्हणायची, शिवलीला लई जीव लावती. माझ्या हातचं असल्याबिगर जेवत न्हाई. एक दीस दिसले न्हाई तर अव्वा अव्वा करून घर डोक्यावर घेती. मी म्हणायची, मग बरंय, राहू दे झाकलेलं. तू तिला मामी म्हणतीस हे मला म्हाईत असतं, तर मी पायात वहाण घालायलाबी थांबली नसती."

म्हणजे तिथंही खोटं बोललीस. अज्जाशी खोटं, अप्पांशी खोटं, माझ्याशी गप्प राहून खोटं, आणि जिच्यासाठी हे सगळं केलंस तिच्याशीही खोटं. तिला खरं सांगितलं असतंस तर ती त्याच वर्षी आली असती. ती येऊ नये म्हणून तू एक लाडकी लेक रचलीस, तिला जेवू घातलंस, तिचे हट्ट पुरवलेस, आणि वर्षातून एकदा अक्कलकोटात तिच्या गोष्टी सांगितल्यास. आणि घरी येऊन माझी बोलणी खाल्लीस. लोकांना यात त्याग दिसेल. मल्लूला तर दिसलाच, तो तिथंच डोळे पुसायला लागला. मला हा निव्वळ अहंकार दिसतो. मी सहन करू शकते, मग करणारच. पण मला कुणी विचारलं? आई नसल्यासारखं मी जगले, ते तुझ्या शब्दाच्या किमतीत धरलं होतंस का? तू स्वतःचं दिलंस ते दिलंस, माझं कोणत्या अधिकारानं दिलंस?

उत्तर दे. नळ आला म्हणू नकोस.

आणि माझं काय सांगू? भूगोल शिकवते मी, पोरींना नकाशात न दिसणाऱ्या गोष्टी ओळखायला लावते. नाव आत्या ठेवते हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तू ते मला दर वर्षी ऐकवत होतीस, तुझं नाव आत्यानं ठेवलंय म्हणून. अगदी माझ्या लेकीच्या बारशालाही ऐकवलंस. आणि मी शहाणी काय समजत होते, तर माझी आई मला नाव देऊन गेली. माझा अंगठा तुझ्यासारखाच मागं वाकतो, हे मल्लूच्या बायकोनं कितीदा दाखवलं. मी म्हणायचे, भाकऱ्या थापून सगळ्यांचाच वाकतो. मला तू नकोच होतीस, हेच खरं. टाकून गेलेली, विहिरीवर चपला ठेवून जाणारी आई मला तुझ्यापेक्षा बरी वाटत होती. तुझ्याबद्दल मला जेवढा तिरस्कार वाटला, त्याच्या दुप्पट आता मला सोळा वर्षांच्या त्या मुलीबद्दल वाटतो, जिनं ताटावर बसून "वाढ, मामी" म्हटलं.

जाताना महादेवी तुझ्या फोटोसमोर बसली. तिला तू अक्कलकोटची मावशी म्हणून माहीत होतीस, आईची कुणी मैत्रीण. तिनं हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाली, "मामी." नीट, नात्यानं, जसं म्हणायचं असतं तसं. साऱ्या जगात तुला मामी म्हणायचा हक्क असलेली ती एकटी होती आणि तिच्या तोंडून तो शब्द तुझ्या कानावर कधी पडला नाही. मी उठून आत गेले. ट्रंक उघडली, वरचा खण काढला आणि तिची ओटी भरली. तिच्या आईनंच दिलेला असणार. कापड अजून कडक होतं.

मल्लूच्या चार ओळी अजून लिहून झालेल्या नाहीत. काल संध्याकाळी त्याच लिहायला बसले होते. खालच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. मी वही टाकली, उठले, मोरीतल्या बादल्या ओढल्या आणि तुझ्या खोलीच्या दाराकडं तोंड करून ओरडले, "अव्वा, नळ आला."

छत्तीस वर्षं मामी म्हटलं तर दर वेळी ओ दिलीस. काल पहिल्यांदा नीट हाक मारली, तर गप्प. मी बादली नळाखाली लावून तिथंच उभी राहिले. बादली भरून वाहायला लागली तरी तुझ्या दाराकडंच बघत होते.